कित्ता गिरवायला आलेला चित्रकार

खातेगाव-नेमावरच्या बाजूने नर्मदेचे खोरे धरून पश्चिमेकडे गेले, की विंध्याच्या दक्षिण उतारावर कुक्षीच्या आसपास बाघची लेणी लागतात. आज ती धार जिल्ह्यात मोडतात. 1921 मध्ये तो मुलूख शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाचा होता. त्या साली ग्वाल्हेर संस्थानाने बाघच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्याचे काम हाती घेतले. शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्या जोडीला भोसले, आपटे, भांड, जगताप अशा आडनावांचे चित्रकार होते. चौथ्या आणि पाचव्या लेण्यांपुढे एके काळी सुमारे 220 फूट लांबीचा सलग व्हरांडा होता. त्याचे छत फार पूर्वीच कोसळले होते, आणि मागच्या भिंतीवरची रडणारी स्त्री, हातात टिपऱ्या घेऊन फेर धरणाऱ्या नर्तकी, हत्तीघोड्यांची मिरवणूक हे सगळे ऊनपावसात उघडे पडले होते. त्यासमोर बसून रेघेला रेघ जुळवणाऱ्या माणसांना आपण नक्कल उतरवणारे म्हणतो आणि पुढे जातो. चित्रकलेच्या इतिहासात या कामाला एखादी ओळ मिळते. आपटे-भांड-जगतापांना बहुधा तीही मिळत नाही. हा विसर अन्यायाचा आहे असे मला वाटते. तो का अन्यायाचा आहे हे नीट समजण्यासाठी बाघच्या तीनचार वर्षे आधी अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसलेल्या एका जपानी चित्रकाराचे आयुष्य पाहावे लागते.

त्यांचे नाव अराई काम्पो. जन्म 1878, तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतातल्या उजीइए गावी. विशी ओलांडल्यावर ते तोक्योला आले आणि मिझुनो तोशिकाता या चित्रकाराच्या हाताखाली शिकू लागले. पोटापाण्यासाठी त्यांना काम मिळाले ते 'कोक्का' या कलामासिकाच्या संस्थेत. ओकाकुरा तेन्शिन आणि ताकाहाशी केन्झो यांनी 1889 मध्ये सुरू केलेले हे मासिक जपान, चीन आणि एकूण आशियातल्या जुन्या चित्रांच्या अत्यंत देखण्या रंगीत प्रतिमा छापत असे. त्या लाकडी ठशांवरून छापल्या जात, आणि ठसा कोरण्याआधी मूळ चित्राची तंतोतंत प्रत हाताने करावी लागे. अराई ही प्रत करणारे चित्रकार होते. एकीकडे ते स्वतंत्र चित्रेही प्रदर्शनांत मांडत होते, त्यांना मान मिळत होता, आणि ओकाकुरांच्या परंपरेतल्या निहोन बिजुत्सुइन या चित्रकारांच्या संस्थेत त्यांना जागाही मिळाली होती. पण त्यांचा हात तयार झाला तो दुसऱ्यांची चित्रे उतरवता उतरवता. 1916 च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले आणि योकोहामाचे रेशीमव्यापारी व कलेचे आश्रयदाते हारा सान्केई यांच्या बागेत पाहुणे म्हणून राहिले, तेव्हा त्यांना शिमोमुरा कानझान यांचे 'योरोबोशी' हे मोठे पडदाचित्र फार आवडले. आंधळा भिकारी मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभा आहे, असे ते चित्र. त्याची प्रत करण्याचे काम अराईंकडे आले. ती प्रत पाहूनच रवींद्रनाथांनी त्यांना भारतात बोलावले. वर्ष संपता संपता अराई कोलकात्यात, जोडासांकोच्या ठाकूरवाड्यातल्या 'विचित्रा' या कलामंडळात शिकवू लागले होते. 1918 पर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्ष, ते भारतात राहिले. या मुक्कामातले सर्वांत मोठे काम अजिंठ्याचे. 'कोक्का'च्या वतीने सावामुरा सेन्तारो हे अभ्यासक आणि आणखी जपानी चित्रकार यांच्यासह ते 1917-18 च्या हिवाळ्यात निजामाच्या राज्यातल्या त्या लेण्यांत जाऊन बसले आणि भिंतीवरची चित्रे उतरवून घेतली.

परदेशात काम करणाऱ्या चित्रकाराची हकिकत सांगताना आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो: त्याने तिथे काय दिले, कोणावर त्याचा ठसा उमटला? भारतात आलेल्या जपानी चित्रकारांबद्दल जे लिहिले जाते ते जवळजवळ सगळे याच प्रश्नाभोवती फिरते. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो कोलकात्याला आले, ताइकानांची रंग पाण्याने पसरवण्याची रीत चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी पाहिली, आणि त्यातून बंगाली चित्रांतली ती प्रसिद्ध धूसर छटा आली, हे पाठ्यपुस्तकातही असते. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंती 1932 ते 1936 या काळात कोसेत्सु नोसु यांनी रंगवल्या, हेही सांगितले जाते, कारण तिथे दाखवायला भिंत आहे. अराईंच्या वाट्याला या हिशेबात एवढेच येते, की त्यांनी 'विचित्रा'त शाई-कुंचल्याचे धडे दिले आणि नंदलालांशी त्यांची मैत्री जडली. हे खरे आहे आणि ते लहानही नाही. तरी या प्रश्नात मुळातच एक चूक आहे असे मला वाटते. तो गृहीत धरतो, की परक्या देशात जाणारा चित्रकार शिकवायला जातो. अराई अजिंठ्याला शिकायला गेले होते. त्यांच्या भारतातल्या वास्तव्याचे मोल ते इथून काय घेऊन गेले आणि ते किती नेमके घेऊन गेले यावरून ठरवले पाहिजे. चित्राकडून असे नेमके घेण्याचे सर्वांत कठोर साधन प्रत उतरवणे हेच आहे. आपल्या पंतोजींच्या शाळेत यालाच कित्ता गिरवणे म्हणत.

अजिंठ्याच्या भिंतींचे आणि जपानी चित्रकाराच्या हाताचे नाते समजायला त्या भिंती कशा केल्या आहेत ते पाहावे. काळ्या पाषाणावर आधी मातीचा जाड लेप. त्या मातीत भाताचे तूस, काडीकचरा, वनस्पतींचे धागे मिसळलेले. त्यावर पांढऱ्या चुन्याचा गुळगुळीत पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंगकाम. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची इटालियन रीत इथे नाही. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, पांढरी माती आणि दूरवरून आलेला लाजवर्द दगड, हे सगळे कुटून, वाटून, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले. जपानी चित्रकाराची पेटी उघडली तर नेमके हेच निघते: दगड आणि मातीची पूड, बारीक-जाड अशी प्रतवारी केलेली, आणि ती बांधायला कातड्या-हाडांपासून उकळून काढलेला सरस. अजिंठ्याच्या चित्राचा प्राण त्याच्या रेघेत आहे. गालाची, बोटांची, खांद्याच्या उताराची रेघ जाड-बारीक होत जाते आणि तिच्यातूनच गोलाई दिसते. जपानी कुंचल्याची सगळी शिस्त हीच आहे. याउलट 1844 पासून पुढे वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहिलेले मेजर रॉबर्ट गिल आणि 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन येणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुख्यतः कॅनव्हासवर तेलरंगांनी प्रती केल्या. त्यांच्या कष्टांना आणि निष्ठेला तोड नाही. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा मोठा चित्रकार घडला, आणि 1896-97 मध्ये निघालेले त्यांचे दोन खंड अजूनही चाळावेसे वाटतात. पण तेलरंग हा छायेचा, थराचा रंग आहे. त्यात रेघ बुडते. तिथे भिंतीचे भाषांतर झाले. अराईंना भाषांतर करावे लागले नाही. त्यांची आणि त्या भिंतीची भाषा एकाच घरातली होती.

जपानमध्ये जुने गुंडाळपट उतरवण्याची एक रीत आहे. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, त्याची खालची बाजू गुंडाळीवर घ्यायची आणि डाव्या हाताने ती गुंडाळी सारखी वर-खाली करत राहायचे. कागद वर गेला की मूळ रेघ दिसते, खाली आला की ती डोळ्यांत क्षणभर रेंगाळते, आणि तेवढ्या क्षणात उजव्या हाताने ती ओढायची. यात चित्रकार मूळ रेघ नुसती छापून घेत नाही. मूळ हाताचा वेग, थांबा, दाब हे त्याला आपल्या हातात आणावे लागतात, नाहीतर रेघ मेलेली दिसते. 'कोक्का'त वर्षानुवर्षे हेच करत आलेला माणूस अजिंठ्याच्या अंधारात बसला, तेव्हा तो पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक चित्रकाराच्या मनगटाशी बोलत होता. या वाक्यात कोणाला भावनेचा भर वाटेल. पण मनगटाची हालचाल हीच इथे माहिती आहे, आणि ती कोणत्याही वर्णनात उतरत नाही.

अराईंच्या चमूने अजिंठ्याहून नेलेल्या प्रती तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या. 1 सप्टेंबर 1923 च्या महाभूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत त्या नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या प्रतींना आगीचा शापच होता की काय असे वाटावे अशी ही मालिका आहे. गिल यांच्या प्रतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या विद्यार्थ्यांनी तेरा वर्षे खपून केलेल्या प्रतींचा मोठा भाग 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जळाला. एका हिवाळ्यातले काम गेले एवढ्यावर अराईंच्या बाबतीत थांबता येत नाही, कारण त्यांच्या परदेशातल्या कारकिर्दीचा गाभाच त्या कागदांत होता. मग विरोधी मत सरळ उभे राहते: ज्याचे काम उरलेच नाही त्याच्याविषयी एवढे लिहायचे कशाला? इतिहास पुराव्यावर चालतो, आणि इथे पुरावा जळून गेला आहे.

हा आक्षेप उरलेल्या वस्तूलाच पुरावा मानतो. पण अराईंचा पुढचा अर्धा जन्मही पुरावाच आहे. जपानला परतल्यावर ते बौद्ध विषयांकडे अधिकाधिक वळले. बुद्धाच्या चरित्रातले प्रसंग, बोधिसत्त्व, देवता यांनी त्यांची चित्रे भरली, आणि बुद्धचित्रांचा काम्पो हीच त्यांची ओळख झाली. त्यांच्या गावी, आता साकुरा म्हणवणाऱ्या शहरात, त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. अराईंनी भारतात रोजनिशी लिहिली होती, तीही उरली आहे. भारतात मागे राहिले ते नंदलालांच्या हातात. 1909-10 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर नंदलालांनी अजिंठा आधीच उतरवला होता. अजिंठा त्यांना अराईंनी दाखवला नाही. पण 'विचित्रा'तल्या त्या दिवसांत अजिंठ्याची आणि कुंचल्याची जी चर्चा एकाच खोलीत चालली असेल, तिच्यात नंदलाल, असितकुमार आणि सुरेंद्रनाथ तिघेही होते, आणि 1921 मध्ये बाघला आलेले तिघे हेच. यावरून बाघच्या प्रती जपानी वळणाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. कार्यकारणाची ती साखळी जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. एवढेच म्हणता येते, की प्रत उतरवणे हे दुय्यम काम नसून चित्रकाराचे मुख्य शिक्षण आहे, ही धारणा या मंडळींनी एकत्र जोपासली होती. त्याच वर्तुळातले मुकुल डे 1916 मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानला गेले होते, आणि 1925 मध्ये निघालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या नावात अजिंठा आणि बाघ शेजारी शेजारी आहेत.

पण प्रत उतरवण्यात निर्मिती कुठे आहे, हा प्रश्न अजून उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. चिनी कलाविचारात शिए हो याने पंधराशे वर्षांपूर्वी चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली. त्यातले सहावे जुन्या चित्रांची प्रत करून परंपरा पुढे नेण्याचे आहे. आपल्याकडे कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे येतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. यात प्रतीला जागा नाही. म्हणून आपली परंपरा प्रतीला कमी लेखते असा निष्कर्ष काढणारे आहेत. ते फक्त चित्रशास्त्राचे सूत्र पाहतात, आपला व्यवहार पाहत नाहीत. एकनाथांनी 1584 मध्ये, शके 1506 मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम लेखनिकाचे म्हणून कोणी मराठी माणूस बाजूला ठेवतो काय? लिहिणाऱ्यांच्या हातून तीनशे वर्षांत साचलेले दोष ओळखायला ज्ञानदेवांची ओवी अंगात भिनलेली असावी लागते. गाण्यातही तेच आहे. देवासला 1948 मध्ये येऊन राहिलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत आणि त्यासाठीच त्यांचे नाव झाले होते. पुढे माळव्याच्या लोकगीतांमधून त्यांनी जे नवे उभे केले ते त्या नकलेला टाकून उभे केले नाही. दुसऱ्याची लकेब आपल्या गळ्यातून नेमकी काढता येणे म्हणजे ती आतून कशी बांधली आहे हे कळणे, आणि ते ज्याला कळले तोच ती ओलांडू शकतो. गाण्यात आणि पोथीत आपण जे सहज मानतो ते चित्रात नाकारतो. याचे कारण आपल्या शास्त्रात शोधू नये. एकोणिसाव्या शतकातल्या कलाशाळांतून आलेली अस्सल आणि नक्कल यांची उतरंड त्याच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

छायाचित्राचा मुद्दा वेगळा आणि जास्त वजनदार आहे. अराई अजिंठ्याला पोचण्याआधीच, 1911 मध्ये, व्हिक्टर गोलुबेव यांनी तिथली छायाचित्रे घेतली होती. मग हाताने उतरवण्याचा आटापिटा कशाला? त्या काळचे छायाचित्र कृष्णधवल होते हे एक उत्तर झाले, पण ते पुरेसे नाही. रंगीत छायाचित्रे आल्यावर ते गळून पडते. खरे उत्तर असे, की कॅमेरा भिंतीवरचा डाग आणि भिंतीवरची रेघ यांत फरक करत नाही. धुराची काजळी, वटवाघळांची घाण, उडालेला पोपडा, चुन्याची भेग हे सगळे त्याला सारखेच दिसते. प्रत करणाऱ्याला मात्र प्रत्येक इंचाला ठरवावे लागते, की ही कडा ओठाची आहे की भेगेची. तो निर्णय चुकू शकतो, हे मान्य. पण चुकू शकणारा निर्णय हा वाचनाचा भाग आहे, आणि ज्या भिंतीची अर्धी चित्रे झिजली आहेत तिला वाचणारा माणूस लागतोच. जपानी परंपरेत या निर्णयाचे दोन उघड प्रकार केलेले आहेत: आज चित्र जसे आहे तसे, पोपड्यांसह आणि डागांसह उतरवायचे, किंवा ते मुळात कसे असेल याचा अभ्यास करून पूर्ण उतरवायचे. आपण कोणती प्रत करतो आहोत हे आधी सांगायचे, ही प्रामाणिकपणाची रीत आपल्याकडच्या प्रतिकृतींच्या व्यवहारात आजही पुरती रुजलेली नाही.

या सगळ्या मोहिमेत राजकारण होते, हे तर नाकारताच येत नाही. अजिंठा आणि जपानमधल्या नारा भागातले होर्युजी मंदिर यांच्या भित्तिचित्रांत नाते शोधण्याची जपानी अभ्यासकांची ओढ ओकाकुरांच्या 'आशिया एक आहे' या विचारातून आलेली होती, आणि याच विचाराचा पुढे लष्करशाहीने आपल्या विस्तारासाठी वापर केला. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला होता. 1916 मध्ये रवींद्रनाथ जपानमध्ये राष्ट्रवादाविरुद्ध बोलले, तेव्हा तिथल्या अनेकांना ते रुचले नाही. म्हणून अराईंच्या प्रतींकडे साम्राज्याच्या सांस्कृतिक जमाखर्चातली एक नोंद म्हणून पाहणारे वाचन चूक आहे असे म्हणता येत नाही. ते अपुरे मात्र आहे. मोहिमेचा पैसा कोणाचा आणि हेतू कोणता, याने भिंतीसमोरच्या रेघेचा खरेपणा ठरत नाही. हाच निकष लावायचा तर गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्कराचे अधिकारी होते, ग्रिफिथ्स सरकारी कलाशाळेचे, आणि बाघचे काम एका संस्थानिकाचे. मग कुठलीच प्रत शिल्लक राहत नाही. उलट अराईंचे उदाहरण या राजकारणाच्या विरुद्ध दिशेने जाते. मोठेपण मिरवायला आलेला माणूस दुसऱ्याच्या भिंतीसमोर महिनोन् महिने मान खाली घालून बसत नाही.

1923 च्या आगीनंतर सतरा वर्षांनी, म्हणजे 1940 मध्ये, जपान सरकारने होर्युजीच्या मुख्य सभागृहातल्या बारा भिंतींची चित्रे उतरवण्याचे काम सुरू केले. सातव्या शतकाच्या अखेरीची ती चित्रे. त्यांतल्या बोधिसत्त्वांचे डोळे, मानेच्या वळ्या, बोटांची ठेवण पाहून अजिंठ्याच्या पद्मपाणीची आठवण होते असे म्हणणारे अभ्यासक तेव्हाही होते. चार गटांच्या चार प्रमुखांपैकी एक अराई काम्पो. अजिंठ्याला बसलेला हात आता त्याच वंशातल्या मानल्या जाणाऱ्या भिंतींसमोर बसला. काळोख्या सभागृहात उजेडासाठी त्या वेळी जपानमध्ये नवीनच असलेले ट्यूबलाइट लावले होते. चित्र आज जसे आहे तसेच, डागांसह उतरवायचे असे ठरले होते. दिवसाला तळहाताएवढी जागा झाली तरी पुष्कळ, अशा संथ गतीचे हे काम युद्धामुळे रखडत गेले. एप्रिल 1945 मध्ये कोरियामा शहरात अराईंचा अचानक मृत्यू झाला, तेव्हा ते पुरे झालेले नव्हते. युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले, आणि 26 जानेवारी 1949 च्या पहाटे सभागृहाला आग लागून मूळ चित्रे करपली. आज होर्युजीच्या भिंतींवर जे दिसते ते यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन यांच्यासारख्या चित्रकारांनी 1967-68 मध्ये पुन्हा केलेले आहे. त्यासाठी आधार होता 1935 मधल्या छायाचित्रांचा आणि अराई व त्यांच्या सोबत्यांनी उतरवलेल्या प्रतींचा.

अजिंठ्याला मूळ उरले आणि अराईंची प्रत जळाली. होर्युजीला मूळ जळाले आणि प्रत उरली. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही घडावे, हे कोणी कल्पून लिहिले असते तर ते जुळवून आणलेले वाटले असते. माझ्या म्हणण्याचा सर्वांत मजबूत पुरावा इथे आहे, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा सर्वांत बोचरा पुरावाही इथेच आहे. होर्युजीच्या आगीचे कारण नक्की ठरले नाही, पण सर्वाधिक संशय गेला तो थंडीत प्रत उतरवणाऱ्यांनी वापरलेल्या विजेच्या ऊबदार गादीवर. म्हणजे प्रत उतरवण्याच्या उद्योगानेच मूळ घालवले असण्याची शक्यता आहे. अजिंठ्याचा अनुभवही असाच आहे. रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात प्रत करणाऱ्यांनी भिंतीवर व्हार्निश फासले. ते पुढे पिवळे-काळे पडले आणि त्याखाली चित्रे झाकोळली. निजाम सरकारने 1920 च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू पाहणारे पोपडे बसवले, पण त्यांनीही लाखेचा थर दिला, आणि तोही कालांतराने गडद झाला. प्रत करणारा हात भिंतीला निरुपद्रवी असतो असे म्हणणे या पुराव्यापुढे टिकत नाही.

तरी या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की प्रत उतरवताना भिंतीला हात लावू नये, तिच्याजवळ आग, वीज, तेल नेऊ नये. प्रत उतरवूच नये, असे त्यातून निघत नाही. जपानने स्वतः काढलेला निष्कर्षही हाच होता. होर्युजीच्या आगीनंतर पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, तिथे सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा व्यापक कायदा झाला, आणि 26 जानेवारी हा दिवस पुढे तिथल्या मंदिर-संग्रहालयांत आगीपासून बचावाच्या कवायतीचा दिवस ठरला. त्याच दिवशी आपण झेंडा फडकावतो, म्हणून मराठी माणसाच्या तो लक्षात राहायला हरकत नाही. प्रत उतरवण्याचे शिक्षण मात्र जपानने थांबवले नाही. ते आजही तिथल्या कलाविद्यालयांत दिले जाते आणि जुन्या चित्रांचे जतन करणारे लोक त्यातूनच तयार होतात.

माळव्यात त्याच जातीची माणसे झाली आहेत आणि त्यांतल्या एकाला तरी आपण मान दिला. नीमचला जन्मलेल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये भीमबेटकाच्या गुहा उजेडात आणल्या आणि पुढे आयुष्यभर डोंगर-गुहा पालथ्या घालत हजारो आदिम चित्रे उतरवून घेतली. त्यांना पुरातत्त्वज्ञ म्हणून ओळखले जाते, पण ते मुळात चित्रकार होते, आणि एकावर एक चढलेल्या चित्रांचे थर त्यांनी वेगळे केले ते चित्रकाराच्या डोळ्याने. कोणते हरीण आधीचे, कोणता घोडा नंतरचा हे सांगताना त्यांनी रेघ हातात धरली होती. त्यांच्या कामाचा आदर करणारा वाचक आपटे-भांड-जगताप-भोसल्यांना आणि अराईंना निराळा न्याय कसा लावणार?

बाघचा वालुकाश्म अजिंठ्याच्या पाषाणासारखा टणक नाही. पावसाळ्यात डोंगरातून पाणी झिरपते, छत खाली येते. पूर्वी ते तोलून धरायला आत जादा खांब उभे करावे लागले होते. 1980 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उरलीसुरली चित्रे भिंतीवरून सोडवून काढली, कारण तिथे ती वाचणार नव्हती. त्यामुळे बाघच्या त्या लांब भिंतीसमोर आज उभे राहिले, तर रडणारी स्त्री आणि तिची समजूत घालणारी सखी तिथे नाहीत. 1921 मध्ये त्या दोघी भिंतीवर जशा होत्या तशा पाहायच्या असतील, तर ग्वाल्हेरच्या गुजरी महालात जावे लागते. शांतिनिकेतनच्या आणि ग्वाल्हेरच्या चित्रकारांनी मिळून उतरवलेल्या प्रती तिथे आहेत.